दप्तराबाहेरचा खोकला

सोलापूर सोडून विजापूरच्या वाटेने दक्षिणेस निघालेला प्रवासी वडकबाळजवळ सीनेचा पूल ओलांडतो आणि टाकळीपाशी भीमेचा पूल गाठून कर्नाटकात उतरतो. या दोन पुलांमधल्या काळ्याभोर, ज्वारीच्या मुलखात, तेरामैलाच्या चौकालगत मंद्रूप हे गाव वसलेले आहे. येथे मराठीच्या बरोबरीने कानडी बोलली जाते, आणि आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी व दवाखान्यासाठी येथेच येतात. याच दोन नद्यांचा संगम पुढे हत्तरसंग-कुडल येथे होतो व तेथे शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा, मराठी शिलालेख आहे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. हजार वर्षे ज्या टापूत दगडावर, ताडपत्रावर आणि पुढे मोडी कागदावर लिहिण्याची वहिवाट चालत आली, त्या टापूतील माणसे कोणत्या रोगाने खंगत गेली, कोणाचा श्वास कोणत्या वयात तोकडा पडला, याची नोंद मात्र फार उशिरापर्यंत कोणी ठेवली नाही, आणि ठेवली तेव्हाही ती अशा रीतीने ठेवली की छातीचा रोग तीतून निसटून जावा.

एचआयव्हीची बाधा झालेल्या माणसाच्या फुफ्फुसांचा अभ्यास हा विषय प्रथमदर्शनी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांचा वाटतो. परंतु त्याचा इतिहास बारकाईने पाहू गेल्यास असे आढळते की, या अभ्यासातील खरी अडचण जंतूइतकीच नोंदीची होती. रोग्याच्या छातीत जे प्रत्यक्ष असे, ते सरकारी कागदावर उमटत नसे, आणि जे कागदावर उमटत नसे त्याच्यावर उपचाराचा हुकूम निघत नसे. मंद्रूपसारख्या बाजाराच्या गावी या अडचणीचे मोल माणसांनी प्राण देऊन चुकविले आहे, म्हणूनच हा इतिहास येथून सांगणे मला उचित वाटते.

इंग्रजी अमदानीत सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी गावात मृत्यू झाला म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांनी तो नोंदवावयाचा आणि वर कळवावयाचा अशी पद्धत होती, व त्यासाठी जे रकाने आखून दिले होते ते पटकी, देवी, ताप, अतिसार, अपघात आणि ‘इतर’ अशा धर्तीचे होते. क्षयाने झिजून मेलेल्या इसमास ताप तर असतोच. सबब तो तापाच्या रकान्यात जाई. ज्यांना वैद्यकाचा गंध नव्हता त्या गावकामगारांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. पण त्या एका रकान्याने किती प्रकारचे मरण गिळून टाकले असेल याची कल्पना केली असता मन उदास होते. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले, म्हणजे हे गॅझेटियर निघण्याच्या अवघी दोन वर्षे आधी. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, वारल्या. जंतू माहीत झाला होता, पण त्यावर औषध नव्हते, आणि ते मिळावयास आणखी सहा दशके जावी लागली.

या क्षयाची, म्हणजे राजयक्ष्म्याची, उत्पत्ती सांगताना चरकाने चंद्राची कथा दिली आहे: रोहिणीवर अतिप्रीती करून इतर पत्नींची उपेक्षा केल्याबद्दल दक्षाचा कोप झाला आणि चंद्राला क्षय जडला. प्राचीनांनी छातीच्या रोगाला असा वर्तनाचा दोष चिकटविलेला पाहिला म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस एचआयव्हीच्या रोग्याशी गावाने व कित्येकदा घरच्या माणसांनीही जे केले त्याचे मूळ फार खोल आहे, हे ध्यानात येते. रोगाचे कारण रोग्याच्या चारित्र्यात शोधण्याची ही खोड वैद्यकाच्या प्रगतीने गेली नाही. तिने केवळ आपला विषय बदलला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयावरील उपचार म्हणजे आरोग्यधाम. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय उभे राहिले, पाचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. स्वच्छ हवा, विश्रांती, दूध, अंडी, आणि महिनोन्‌महिने बिछान्यावर पडून राहणे हा त्या उपचाराचा क्रम होता. सोलापुरात १८७७ मध्ये निघालेल्या जुन्या मिलपासून एकामागून एक गिरण्या उभ्या राहत होत्या, कापसाच्या तंतूंनी कोंदलेल्या खात्यांत पाळ्या करणारे कामगार दाट वस्तीत राहत होते, आणि त्यांच्यापैकी कितीजणांना पाचगणीची हवा परवडली असेल याचा हिशेब करण्याचे कारण नाही. देशाच्या आरोग्यस्थितीची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशात क्षयरोगी सुमारे पंचवीस लाख, दरसालचे क्षयमृत्यू सुमारे पाच लाख, आणि क्षयरोग्यांसाठी खाटा मात्र सहा हजारांच्या आसपास, अशी स्थिती होती.

या विषम स्थितीला पहिला मार्ग मद्रासने दाखविला. तेथील क्षयरोग औषधोपचार केंद्राने १९३ रोग्यांचे दोन गट केले; एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास गरिबांच्या वस्तीतील त्यांच्या घरीच औषध दिले, आणि १९५९ मध्ये असे जाहीर केले की दोहोंच्या गुणात म्हणण्यासारखा फरक नाही; शिवाय घरी राहिलेल्या रोग्यांमुळे कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही. या एका निष्कर्षाने पाचगणीच्या टेकडीची गरज संपविली आणि क्षयाचा उपचार मंद्रूपच्या घराघरांपर्यंत नेण्याची शक्यता उत्पन्न केली. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. खोकला लांबलेल्या माणसाने जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे, बेडका द्यावा, तो काचेवर पसरून रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, आणि जंतू दिसले की गोळ्या सुरू कराव्यात, अशी ही सोपी, स्वस्त व गरीब देशास साजेशी योजना होती. तिचे श्रेय मुक्तकंठाने द्यावयास हवे. १९९७ पासून सुरू झालेल्या सुधारित कार्यक्रमाने, ज्याला लोक ‘डॉट्स’ म्हणूनच ओळखत, तिला शिस्त आणली: बेडक्यात जंतू आढळणाऱ्या नव्या रोग्यांपैकी निदान सत्तर टक्के हुडकून काढावयाचे आणि त्यांतील पंच्याऐंशी टक्के बरे करावयाचे, हे उद्दिष्ट जिल्ह्याजिल्ह्याच्या दप्तरात गेले.

आता ही योजना कोणत्या गृहीतावर उभी होती हे पाहणे अगत्याचे आहे. बेडक्यात जंतू सापडणारा रोगी इतरांना लागण देतो, तोच अधिक संख्येने मरतो, म्हणून तोच प्रथम शोधावयाचा, हे तर्कशास्त्र निर्दोष होते. तथापि ते ज्या छातीवर आधारलेले होते ती छाती निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसाची होती. तिच्यात जंतू शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती, जुन्या गावातील पांढऱ्या मातीच्या गढीसारखी, तटबंदी उभारतात. ही तटबंदी आतून कुजून फुटली म्हणजे फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी पडते, पोकळीत जंतूंची अमाप वाढ होते, आणि त्या पोकळीतूनच ते खोकल्यावाटे बाहेर येतात. म्हणजे छातीच्या फोटोत दिसणारी पोकळी आणि काचेवर दिसणारा जंतू ही दोन्ही शरीराने झुंज दिल्याची चिन्हे होत. शरीराने झुंजच दिली नाही तर काय दिसेल, हा प्रश्न १९६२ मध्ये कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न जगापुढे आला तोही फुफ्फुसाच्याच वाटेने आला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांची हकिकत छापली गेली. त्यांना न्यूमोसिस्टिस नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होणारा न्यूमोनिया झाला होता. हा जीव वैद्यांना अपरिचित नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांत अपुऱ्या दिवसांची, कुपोषित बालके ज्या न्यूमोनियाने दगावत, त्याचे कारण हाच जीव असल्याचे प्राग येथील व्हानेक व यिरोव्हेत्स यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले होते. परंतु धडधाकट तरुणाला तो होत नसे. त्यावरचे पेंटामिडीन हे औषध अमेरिकेत इतके विरळा लागे की त्याचा साठा सरकारी केंद्राकडेच असे, आणि मागणी आली की सँड्रा फोर्ड नावाच्या कर्मचारी बाई ती तपासून औषध रवाना करीत. १९८१ मध्ये, प्रतिकारशक्ती खालावण्याचे कोणतेही ज्ञात कारण नसलेल्या तरुण पुरुषांसाठी मागण्या वारंवार येऊ लागल्या, तेव्हा या बाईंनी ती गोष्ट वरिष्ठांच्या नजरेस आणली. एका भयंकर साथीची चाहूल औषधाच्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीला लागावी, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या कारकुनी कामाला आपण रूक्ष म्हणतो ते मन लावून करणाऱ्याची नजर केवढी पल्लेदार असू शकते याचे हे उदाहरण आहे.

विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ मध्ये सापडला. हिंदुस्थानात तो असल्याचे १९८६ मध्ये मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्ताच्या नमुन्यांवरून सिद्ध केले, आणि त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रोगी नोंदला गेला. त्यापुढील दशकात महाराष्ट्र हे या साथीने अधिक ग्रासलेल्या राज्यांत गणले जाऊ लागले. सोलापूरहून विजापूर, चित्रदुर्ग करीत मंगळूरला जाणारा जुना तेरा क्रमांकाचा महामार्ग, ज्याचा येथील भाग आज बावन्न क्रमांकाने ओळखला जातो, मंद्रूपजवळूनच जातो. नांदणीच्या तपासणी नाक्यावर मालमोटारींच्या रांगा उभ्या राहत. आणि दुष्काळी भागातील माणसे मुंबई-पुण्याला पोटासाठी जात व सणासुदीला परतत. विषाणूने या सर्व वाटा वापरल्या. त्याचा दोष वाटेला नाही, वाटसरूलाही नाही. ज्या असंख्य स्त्रियांना ही बाधा झाली त्यांनी तर गावची वेसही ओलांडली नव्हती. त्यांना ती संसारातच झाली, आणि पती गेल्यावर सासरच्या घरातून निघण्याची पाळी मात्र त्यांच्यावर आली.

पाश्चात्त्य पुस्तके वाचून आमच्या डॉक्टरांनी न्यूमोसिस्टिसची अपेक्षा केली. प्रत्यक्षात काय होते ते मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील व जे. जे. रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञांनी शवचिकित्सेच्या मेजावर पाहिले. डॉ. लांजेवार व डॉ. दुग्गल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एड्सने मृत झालेल्या १४३ प्रौढांच्या फुफ्फुसांची तपासणी आहे. त्यांपैकी १२६ जणांच्या फुफ्फुसांत विकृती आढळली. ८५ जणांना क्षय होता, २६ जणांना इतर जंतूंचा न्यूमोनिया, आणि ज्या न्यूमोसिस्टिसने अमेरिकेत या रोगाची ओळख पटली तो केवळ सात जणांत. आकड्यांची ही मांडणी पुनःपुन्हा वाचण्यासारखी आहे. एड्सने मेला असे ज्याच्याविषयी म्हटले गेले तो येथे बहुशः क्षयाने मेला होता. म्हणजे ज्या रोगावर औषध होते, जे सरकार फुकट देत होते, त्या रोगाने मेला होता. न्यूमोसिस्टिसला माणूस बळी पडतो तो प्रतिकारशक्ती अगदी तळाला गेल्यावर. क्षयाचा जंतू इतकी वाट पाहत नाही. आपल्याकडे तो पुष्कळांच्या छातीत लहानपणापासून निद्रिस्त असतो. एरवी अशा माणसाला सबंध आयुष्यात क्षय होण्याचा संभव शंभरात पाच ते दहा. एचआयव्हीची बाधा झाली व उपचार नसला म्हणजे तितकाच संभव दर एका वर्षात येतो.

त्या १४३ जणांची नावे शोधनिबंधात नाहीत, आणि नसावीत हेच योग्य. ते कोठून मुंबईस आले, त्यांच्यामागे कोण रडले, हे कोणास ठाऊक नाही. मृतदेहाला हात लावावयास जेव्हा माणसे धजत नसत त्या काळात ज्या डॉक्टरांनी व शवागारातील ज्या कामगारांनी हे काम केले, त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो. त्या मेजावरून मिळालेली माहिती जिवंत रोग्याच्या छातीला कान लावून मिळाली नसती.

असे का घडत होते? बेडका तपासण्याची सोय तर तालुक्यातालुक्यात झाली होती. परंतु विषाणू ज्या पेशींचा नाश करतो, ज्यांची गणती दवाखान्यात ‘सीडीफोर’ म्हणून होते, त्याच पेशींच्या हुकमतीखाली वर सांगितलेली तटबंदी उभी राहते. पेशी उरल्या नाहीत म्हणजे तटबंदी नाही, तटबंदी नाही म्हणून पोकळी नाही, पोकळी नाही म्हणून बेडक्यात जंतू तुरळक. सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसावयास एका मिलिलिटर बेडक्यात ते पाच ते दहा हजारांच्या घरात असावे लागतात. त्याहून कमी असले की काच स्वच्छ. छातीच्या फोटोतही क्षयाची ओळखीची खूण दिसत नाही: वरच्या भागाऐवजी खालच्या भागात पुसट छाया, छातीच्या मध्यभागी वाढलेल्या गाठी, क्वचित दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेले बाजरीएवढे कण, आणि कधीकधी तर काहीच नाही. म्हणजे रोग जितका बळावलेला, तितका तो अदृश्य. वैद्यकात असा उलटा न्याय फार थोड्या ठिकाणी आढळतो.

मंद्रूपच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातील रोग्याचा त्या काळचा क्रम यावरून कल्पिता येतो, आणि ज्यांनी खेड्यांत वैद्यकी केली त्यांना तो परिचयाचा वाटेल. महिना-दोन महिने खोकला, रात्रीचा घाम, अंगावरचे मांस उतरलेले. प्रथम गावातील खाजगी डॉक्टरची सुई आणि खोकल्याचे औषध. मग कोणी सांगितले म्हणून मंद्रूपचा सरकारी दवाखाना. तेथे बेडका दिला, ‘जंतू नाहीत’ असा कागद मिळाला. हा कागद घेऊन माणूस घरी येई तो टीबी नाही अशा समाधानाने. त्या कागदाचा खरा अर्थ ‘सापडले नाहीत’ एवढाच होता; परंतु घरच्यांनी तो निर्दोषत्वाचा दाखला मानला तर त्यांचे काय चुकले? पुढे धाप वाढली म्हणजे सोलापूरचे सिव्हिल. तेथे रक्ताची तपासणी, आणि मग एकाएकी सारे उलगडले तोवर चालण्याची शक्ती गेलेली. उद्दिष्टाच्या हिशेबात हा इसम कोठेच नव्हता. बेडक्यात जंतू असलेल्यांची टक्केवारी जिल्ह्याने पुरी केली, बरे झालेल्यांची टक्केवारी पुरी केली, आणि ज्याच्या बेडक्यात जंतू दिसले नाहीत तो दोन्ही हिशेबांबाहेर, आपल्या ओसरीवर, खोकत राहिला.

यात दुसरी एक अडचण कारभाराची होती. क्षयाचे खाते निराळे, एड्सचे खाते निराळे. दोहोंची दप्तरे निराळी, माणसे निराळी, दवाखान्यातील खोल्याही निराळ्या. रोगी एकच, पण त्याला दोन ओळींत उभे राहावे लागे. दोन्ही खात्यांनी एकत्र काम करण्याची योजना २००१ मध्ये साथीने अधिक ग्रासलेल्या सहा राज्यांसाठी आखली गेली व तीत महाराष्ट्र होता. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची एचआयव्हीसाठी आणि एचआयव्हीच्या प्रत्येक रोग्याची क्षयासाठी चौकशी करावयाची, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट अमलात येण्यास त्यानंतरही वर्षे लागली. बेडक्यात जंतू न सापडणाऱ्या बाधितांच्या क्षयनिदानाला वेग देणारी सुधारलेली पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितली. तीत जंतू दिसेपर्यंत थांबण्याऐवजी लक्षणांवर व फोटोवर विश्वासून उपचार सुरू करण्यास मुभा होती.

१ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने विषाणूविरोधी औषधे निवडक रुग्णालयांतून मोफत देण्यास प्रारंभ केला. पहिल्या आठ रुग्णालयांत जे. जे. होते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ‘एआरटी’ केंद्रे निघाली. या गोळ्यांनी जे केले त्याचे वर्णन करताना अतिशयोक्तीचे भय वाटत नाही: उचलून आणलेली माणसे चालत परत गेली. मात्र फुफ्फुसाने येथेही आपला पेच घातला. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृताला असे चेतविते की नेव्हिरॅपिनसारखी विषाणूविरोधी औषधे रक्तातून लवकर नाहीशी होतात. म्हणून क्षय असलेल्यांना त्याऐवजी एफाव्हिरेंझ द्यावे लागे, आणि आज जे डोल्युटेग्राव्हिर वापरात आहे त्याची मात्रा क्षयाचा उपचार चालू असेतोवर दुप्पट करावी लागते. शिवाय गोळ्यांनी प्रतिकारशक्ती परत येऊ लागली म्हणजे ती छातीत लपलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते व सूज वाढून रोगी बरा होण्याऐवजी काही दिवस अधिक आजारी दिसतो. मग विषाणूविरोधी गोळ्या केव्हा सुरू कराव्यात? क्षयाचा उपचार आटोपल्यावर, की लगेच? याचे उत्तर कंबोडियातील ६६१ रोग्यांनी दिले: प्रतिकारशक्ती अत्यंत खालावली असता दोन आठवड्यांतच गोळ्या सुरू केलेल्यांत आठ आठवडे थांबलेल्यांपेक्षा मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या प्रांतातील ज्या अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही तो पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने व ससून रुग्णालयाने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने केला. बाधित मातांकडून बालकांना होणारी लागण रोखण्याचा प्रयोग चालू असताना, प्रसूतीनंतरच्या वर्षात या मातांच्या प्रकृतीकडेही लक्ष ठेवले गेले. ७१५ मातांपैकी २४ जणींना त्या काळात क्षय झाला. आकडा लहान वाटेल. परंतु ज्या मातेला क्षय झाला तिच्या मृत्यूचा संभव दुपटीहून अधिक आणि तिच्या अर्भकाच्या मृत्यूचा संभव तिपटीहून अधिक, असे आढळले. सोलापूर, मराठवाडा, कोकण, कोठेही बाळंतीण थकलेली असावी, रोडावावी, रात्री घामाघूम व्हावी, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बाळंतपणाच्या अशक्तपणामागे छातीचा रोग दडलेला असू शकतो, तो मुद्दाम विचारावा लागतो, ही शिकवण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने दिली, आणि माझ्या मते महाराष्ट्रातील वैद्यकीय संशोधनाने स्त्रियांसाठी केलेल्या कामात तिचे स्थान वरचे आहे.

जुन्या वास्तूंनाही या काळात नवे काम मिळाले. पाचगणीचे बेल-एअर पुढे रेड क्रॉसकडे आले होते, आणि शतकाच्या अखेरच्या दशकात तेथेच एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा सुरू झाली. ज्या ओवऱ्यांत एकेकाळी श्रीमंत क्षयरोगी हवा खात पडत, तेथे आता ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते अशी माणसे येऊन राहिली. सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपूरला, मंगलताई शहा यांनी बाधित मुलांसाठी ‘पालवी’ हे घर काढले.

अदृश्य जंतू दिसू लागला तो गेल्या दशकात. बेडक्यातील जंतूचे जनुकद्रव्य ओळखणारे यंत्र, ज्याला दवाखान्यात ‘सीबीनॅट’ म्हणतात, एका मिलिलिटरात सव्वाशे-दीडशे जंतू असले तरी दोन तासांत त्यांची वर्दी देते, आणि रिफाम्पिसिनला ते दाद देतील की नाही हेही सांगते. एचआयव्हीबाधितांसाठी ही तपासणी प्रथम करावी असा दंडक झाला, आणि काचेवरील निकालाची हुकमत संपली. या यंत्राला थंड खोली व अखंड वीज लागे. म्हणून ते जिल्ह्याच्या ठिकाणी राहिले व खेड्यातून बेडका तेथे पाठवावा लागला. गोव्यात तयार होणाऱ्या ‘ट्रूनॅट’ या यंत्राने ती अडचण पुष्कळशी दूर केली. ते लहान आहे, विजेच्या घटावर चालते, आणि २०२० मध्ये त्यास जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. ग्रामीण रुग्णालयाच्या एका मेजावर मावणारे हे साधन मंद्रूपच्या आणि शहराच्या रोग्यांमधले अंतर जितके कमी करते तितके सुधारलेल्या रस्त्यानेही केले नव्हते. ज्यांना क्षय नाही अशा बाधितांना तो होऊ नये म्हणून आयसोनियाझिडच्या गोळ्या देण्याचा क्रमही याच दशकात देशभर सुरू झाला. एचआयव्हीबाधितांना नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभावाची वागणूक देण्यास मनाई करणारा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

परंतु अभ्यास येथे संपत नाही. उलट त्याचा एक निराळाच भाग सुरू होतो. पूर्वी जे दोन वर्षांत जात, ते आता वीस वर्षे गोळ्या घेत आहेत, आणि त्यांची फुफ्फुसे त्यांच्याबरोबर म्हातारी होत आहेत. एकदा किंवा दोनदा क्षय होऊन बरा झालेल्या छातीत व्रण राहतात, श्वासनलिका रुंदावतात, दरवर्षी हिवाळ्यात बेडका वाढतो. विषाणू गोळ्यांनी दबला तरी शरीरात मंद दाह राहतो आणि त्याने श्वासनलिका आकुंचन पावण्याचा रोग लवकर येतो, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. गोळ्या लवकर सुरू केल्याने फुफ्फुसांची झीज थांबेल, ही आशा मात्र हजाराहून अधिक बाधितांवर निरनिराळ्या देशांत केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फलद्रूप झाली नाही; लवकर सुरू केलेल्यांत आणि उशिरा सुरू केलेल्यांत श्वासाची घट सारख्याच वेगाने होत असल्याचे आढळले.

तालुक्याच्या दवाखान्यात आज डॉक्टरपुढे जो प्रश्न येतो तो असा: पन्नाशीची बाधित स्त्री, दोनदा टीबीचा उपचार पुरा केलेली, विहिरीवरून पाणी आणताना दम लागतो म्हणून आलेली; फोटोत जुने डाग; यंत्रावर जंतू नाही. तिला क्षयाच्या गोळ्या तिसऱ्यांदा द्यावयाच्या, की श्वासनलिका मोकळी करणारे औषध ओढावयास द्यावयाचे? नळीत जोराने फुंकून श्वासाचे मोजमाप करणारे यंत्र हाताशी असेल तर याचा निर्णय पुष्कळ अंशी होतो. नसेल तर अंदाजाने चालावे लागते. तिने जन्मभर चुलीपुढे बसून तुराट्यांचा व शेणींचा धूर घेतला आहे. कोणी सोलापुरात यंत्रमागावर कापसाचे तंतू घेतले आहेत, कोणी विड्या वळताना तंबाखूची भुकटी. धूर, धूळ, जुन्या क्षयाचे व्रण आणि विषाणू यांपैकी प्रत्येकाने किती श्वास हिरावला, हे निराळे काढून दाखविणारा अभ्यास ज्वारीच्या या मुलखातील माणसांमध्येच व्हावयास हवा. आणि १९६३ मध्ये स्थापन झालेले सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय, ज्याच्या सर्वोपचार रुग्णालयात गिरणगावातील वृद्ध, विडीकामगार स्त्रिया आणि मंद्रूपकडचे शेतकरी एकाच ओळीत उभे असतात, त्या कामासाठी मला सर्वांत अधिक योग्य स्थान वाटते.